हल्लीचे गुप्तहेर आणि त्यांच्यावर रुसलेले प्रेक्षक

प्रश्न असा आला आहे: ‘मात्ताकु साइकिन नो तान्तेई तो कितारा’ ही 2025 ची विनोदी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका आम्ही घरात तिघांनी पाहायला घेतली. मला ती फार आवडली, पण सहाव्या-सातव्या भागानंतर थोडा कंटाळा येऊ लागला. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही रहस्यमालिका पाहत मोठा झालेला माझा धाकटा भाऊ पहिल्याच भागानंतर उठून गेला आणि ‘यात रहस्यच नाही’ असे म्हणाला. इतरांच्या प्रतिक्रिया वाचल्या तर तेथेही असेच दोन तट दिसतात. काहींना हा त्या हंगामातील सर्वांत मजेदार कार्यक्रम वाटतो, तर काहींना नुसता आरडाओरडा. यांपैकी कोणाचे खरे मानावे? आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीबरोबर ही मालिका पाहावी का?

उत्तर: आपल्या भावाचे निरीक्षण अचूक आहे, परंतु तो ज्याला दोष समजतो तो या मालिकेचा दोष नाही. आपल्याला सहाव्या-सातव्या भागानंतर आलेला कंटाळा मात्र खऱ्या दोषातून आलेला आहे. मी अ‍ॅनिमेशनच्या स्टोरीबोर्डवर, म्हणजे दृश्यांच्या चित्ररूप आराखड्यावर, काम करतो आणि विद्यार्थ्यांना विनोदी प्रसंगांचे टायमिंग शिकवतो. त्यामुळे प्रेक्षकाला हसू आले नाही की ते नेमके कोठे अडले हे शोधणे माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. या मालिकेच्या बाबतीत ते तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी अडते, आणि प्रतिक्रिया वाचताना ती ठिकाणे वेगळी केली नाहीत तर सगळेच मत गोंधळाचे वाटते.

प्रथम थोडी ओळख करून देतो, कारण हे उत्तर मालिका न पाहिलेलेही वाचतील. मासाकुनी इगाराशी यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, लायडन फिल्म्स या स्टुडिओने ही मालिका तयार केली आणि ती जुलै ते सप्टेंबर 2025 या काळात जपानमध्ये प्रसारित झाली. इंग्रजीत ती ‘डिटेक्टिव्हज दीज डेज आर क्रेझी’ या नावाने ओळखली जाते. केईचिरो नागुमो हा शाळेत असताना नावाजलेला गुप्तहेर होता. आज तो पस्तीस वर्षांचा आहे, पाठ धरते, हल्लीचे तंत्रज्ञान डोक्यावरून जाते, कार्यालयाचे भाडे थकलेले असते आणि अशील फिरकत नाहीत. अशा वेळी माशिरो नाकानिशी ही शाळकरी मुलगी त्याची साहाय्यक म्हणून येऊन धडकते. तिला तर्काशी फारसे देणेघेणे नाही. तिच्याकडे अफाट शक्ती आणि अफाट उत्साह आहे, आणि त्या दोन्हींचा उपयोग कोठे करू नये याची जाण अजिबात नाही. मालिकेचा सगळा डोलारा या दोघांवर उभा आहे.

आता मुद्द्याकडे येतो. ‘शाळकरी गुप्तहेर’ ही जपानी लोकप्रिय कथेतील एक मोठी परंपरा आहे आणि ही मालिका त्या परंपरेची थट्टा आहे. एदोगावा राम्पो यांनी 1936 मध्ये किशोरांसाठी गुप्तहेर कथांची माला सुरू केली आणि आकेची कोगोरो या आपल्या गुप्तहेराच्या हाताखाली मुलांची एक फौज उभी केली, तेथपासून ही वाट दिसते. 1992 मध्ये एका मांगातून हाजिमे किंदाइची हा शाळकरी गुप्तहेर आला. सेइशी योकोमिझो यांनी 1946 पासून लिहिलेल्या कोसुके किंदाइची या गुप्तहेराचा तो नातू आहे, अशी त्या मांगाची कल्पना आहे. 1994 मध्ये गोशो आओयामा यांच्या मांगातून शिनिची कुदो आला. विषामुळे लहान झालेला हा सतरा वर्षांचा मुलगा कोनान एदोगावा या नावाने वावरतो, आणि त्याची अ‍ॅनिमे मालिका 8 जानेवारी 1996 रोजी जी सुरू झाली ती अजून संपलेली नाही. या मुलांचे एक वैशिष्ट्य असे की ती मोठी होत नाहीत. शेकडो गुन्हे उलगडले तरी शिनिची शाळकरीच राहतो.

मग कोणीतरी विचारणारच की हा मुलगा पस्तिशीत पोहोचला तर काय होईल? हा प्रश्न इगाराशी यांनाच सुचला असे नव्हे. किंदाइचीच्या निर्मात्यांनी 2018 पासून आपल्याच नायकाला सदतीस वर्षांचा करून, कंपनीत नोकरी करणारा आणि रहस्ये सोडवण्याचा कंटाळा आलेला माणूस म्हणून दाखवले. त्या मांगात विनोद असला तरी खून आणि उलगडा हा पाया तसाच राहिला. इगाराशी यांनी तो पायाच काढून घेतला. केईचिरोची बुद्धी पूर्णपणे गेलेली नाही, अधूनमधून ती चमकते, परंतु ज्या जगात ती उपयोगी पडत होती ते जगच उरलेले नाही. मराठी वाचकाने क्षणभर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पस्तीस वर्षांचा, सायकल चालवताना कंबर धरणारा आणि ‘ट्टॉक्क’ केल्यावर शेजारच्या पोराकडून ‘काका, हे काय?’ असे ऐकून घेणारा कल्पावा, म्हणजे जपानी प्रेक्षकाला केईचिरोच्या पहिल्या दृश्यात जे गंमतशीर आणि थोडे केविलवाणे वाटते ते लक्षात येईल. 2017 च्या चित्रपटात फेणे मोठा झाला होता, पण तेथे त्याचे तेज शाबूत होते, आणि विनोदासाठी ते तेज जावे लागते.

यावरून असे वाटेल की आपला भाऊ कोनान पाहत मोठा झाला, म्हणजे त्याला ही थट्टा सर्वांत जास्त कळायला हवी होती. तसे होत नाही आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. रहस्यकथेचा निष्ठावंत प्रेक्षक एका कराराने बांधलेला असतो. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते, त्यांचा गाभा इतकाच की वाचकापासून धागेदोरे लपवू नयेत आणि उलगडा योगायोगाने किंवा दैवी शक्तीने करू नये. जपानमध्ये या न्याय्य खेळाच्या रहस्यकथेला मोठा मान आहे, आणि 1987 मध्ये युकितो अयात्सुजी यांच्या पहिल्या कादंबरीनंतर तर तिला नवी पिढी मिळाली. कोनान हा त्या शिस्तीचा दूरचित्रवाणीवरचा लोकप्रिय अवतार आहे. त्याचा प्रेक्षक प्रत्येक दृश्यात टेबलावरचा पेला, दाराची कडी, कोणाच्या तरी बाहीवरचा डाग टिपून ठेवतो. असा प्रेक्षक या मालिकेचा पहिला भाग पाहतो तेव्हा त्याची नजर त्याच सवयीने धागे वेचू लागते आणि वेचलेल्या धाग्यांचे पुढे काहीच होत नाही, कारण माशिरो भिंत फोडून आत येते आणि प्रकरण संपते. त्याला फसवल्यासारखे वाटते. विनोद पाहायला बसलेल्या माणसाला त्याच जागी हसू येते, कारण तो काहीच वेचत नव्हता.

म्हणून ‘यात रहस्यच नाही’ या प्रतिक्रियेला मी चुकीची म्हणणार नाही. ती मालिकेच्या नावातील ‘तान्तेई’ म्हणजे गुप्तहेर या एका शब्दाने जागवलेल्या अपेक्षेची प्रतिक्रिया आहे. परंतु तिच्यावरून मालिका चांगली की वाईट हे ठरत नाही. ते ठरवायला विनोद विनोद म्हणून उतरला का हे पाहावे लागते.

येथे एक छोटे विषयांतर करतो. केईचिरोची कंगाली ही नुसती अतिशयोक्ती नाही. जपानमध्ये खासगी गुप्तहेर हा व्यवसाय कायद्याने ओळखला जातो. 2006 मध्ये मंजूर झालेला आणि जून 2007 पासून लागू झालेला कायदा असे सांगतो की ज्याला हा धंदा करायचा असेल त्याने आपल्या प्रीफेक्चरच्या, म्हणजे प्रांताच्या, सार्वजनिक सुरक्षा आयोगाकडे नोंद करावी. त्या धंद्यातले खरे काम म्हणजे जोडीदाराच्या विवाहबाह्य संबंधांचा माग, बेपत्ता माणसांचा शोध, एखाद्याच्या पार्श्वभूमीची चौकशी. खुनाशी त्यांचा संबंध येत नाही. मुंबई-पुण्यातील लग्नापूर्वीची चौकशी करणाऱ्या संस्थांचे कामही याच जातीचे असते, आणि आपल्याकडे तर या व्यवसायाच्या नियमनाचे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले तरी त्याचा कायदा झाला नाही. जपानी प्रेक्षकाला हे वास्तव ठाऊक असते. त्यामुळे बंद खोलीतील खून उलगडण्याची स्वप्ने पाहिलेला माणूस बारीकसारीक कामांवर पोट भरतो, या चित्रातील कडवटपणा त्याला न सांगता पोहोचतो. बाहेरच्या प्रेक्षकाला तो केवळ ‘गरीब गुप्तहेर’ दिसतो.

आता सर्वांत जास्त गोंधळ जेथे होतो तेथे येतो, म्हणजे ‘नुसता आरडाओरडा’ या तक्रारीकडे. जपानी विनोदाची एक घट्ट चौकट आहे. मान्झाई या दोघांच्या रंगमंचीय संवादप्रकारात एक जण बोके असतो आणि दुसरा त्सुक्कोमी. बोके काहीतरी अतर्क्य बोलतो किंवा करतो. त्सुक्कोमी त्याला तेथल्या तेथे टोकतो, बहुधा मोठ्या आवाजात आणि कधी डोक्यावर टपली मारून. आपल्या तमाशातील बतावणीत सोंगाड्या वेडेवाकडे बोलतो आणि समोरचा त्याला अडवतो, तसाच हा खेळ चालतो. केईचिरो या मालिकेचा त्सुक्कोमी आहे आणि माशिरो बोके. तो ओरडतो म्हणजे लेखक आळशी आहे असे नव्हे. प्रेक्षकाच्या मनातील ‘अरे, हे काय चालले आहे!’ हे वाक्य त्याने मोठ्याने म्हणायचे असते आणि त्यातून हसण्याची परवानगी मिळायची असते. ज्या प्रेक्षकाला ही चौकट सवयीची आहे त्याच्या कानाला तो आवाज ठेक्यासारखा लागतो. ज्याला सवय नाही त्याला वाटते की विनोद झाला, आता समजावून कशाला सांगता?

पण सवय असलेल्यांपैकीही काही जण हसत नाहीत. त्यामागे एक तांत्रिक कारण आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते, ते म्हणजे उपशीर्षकांचे टायमिंग. चोवीस फ्रेमचा, म्हणजे चोवीस स्थिर चित्रांचा, एक सेकंद असतो. माशिरोने काहीतरी भयंकर केल्यावर केईचिरोचा चेहरा आठ, दहा किंवा बारा फ्रेम तसाच स्थिर धरला जातो आणि मग त्याचा आवाज फुटतो. हा विराम स्टोरीबोर्डवर ठरवलेला असतो, संपादनाच्या टेबलावर पुन्हा कापला-वाढवला जातो, आणि हसू त्याच्यावरच तोललेले असते. बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. आता उपशीर्षक जर वाक्याच्या सुरुवातीला एकदम पूर्ण उमटले तर डोळा ते आवाजाच्या आधी वाचून मोकळा होतो, आणि वाक्यातील अखेरचा फटका कानावर पडेपर्यंत शिळा झालेला असतो. मराठीप्रमाणेच जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते, म्हणून विनोदी संवादाचा काटा बहुधा वाक्याच्या टोकाला असतो. इंग्रजी उपशीर्षकात तो काटा पुष्कळदा आधी येतो. आपल्याकडील बहुतेक प्रेक्षक अशा मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहतात. त्यामुळे ‘संवाद ठीक होते, पण हसू आले नाही’ ही प्रतिक्रिया मी पटकथेवरचा आरोप म्हणून घेत नाही. विद्यार्थ्यांना मी असे प्रसंग आधी उपशीर्षके बंद करून दाखवतो. एक शब्दही न कळता वर्गात हशा पिकतो. मग उपशीर्षके लावून तोच प्रसंग दाखवला की हसू अर्ध्यावर येते, आणि दुसऱ्यांदा पाहताना कोणी हसणार कसे, असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून निम्म्या वर्गाला क्रम उलटा करून दाखवतो. तरीही फरक राहतो.

चित्रांकनाचेही थोडे सांगायला हवे. विनोदी अ‍ॅनिमेमध्ये रेखाटनाची शैली एका क्षणात बदलणे हे जुने हत्यार आहे. वीरपटाला शोभेल असा छायांकित, रेषांनी भरलेला चेहरा आणि पुढच्याच कटला दोन ठिपके व एक आडवी रेघ इतकाच उरलेला चेहरा, यांतील अंतरावर हशा उभा राहतो. ही मालिका ते हत्यार सढळ हाताने वापरते. ‘अ‍ॅनिमेशन मध्येच स्वस्त दिसते’ असे म्हणणारे प्रेक्षक या साध्या चेहऱ्यांना काटकसर समजतात. काटकसर असतेही, बारा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत कोणाकडे वेळ आणि पैसा मुबलक नसतो, पण येथे ती बहुतेक वेळा विनोदाच्या कामी लावलेली आहे आणि मला ते कौतुकास्पद वाटते.

आवाजांविषयी प्रेक्षकांचे जवळजवळ एकमत आहे, आणि त्या एकमतात मीही सामील आहे. केईचिरोला जुनिची सुवाबे यांचा आवाज आहे. ‘फेट’ मालिकांतील आर्चर आणि ‘जुजुत्सु काइसेन’मधील सुकुना यांसारख्या भूमिकांमुळे या आवाजाभोवती एक भारदस्त वलय आहे. तो आवाज कंबरेच्या कळेने कण्हतो तेव्हा विनोद संवादाच्या आधीच घडलेला असतो. माशिरो काना हानाझावा यांनी रंगवली आहे, आणि येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. इगाराशी यांच्याच ‘सेनर्यू शोजो’ या मांगावर 2019 मध्ये अ‍ॅनिमे आली होती. तिची नायिका नानाको बोलतच नाही, पाच-सात-पाच अक्षरांच्या सेनर्यू कविता लिहून ती संवाद साधते. तो आवाजही हानाझावा यांचाच होता. एकाच लेखकाच्या एका मुलीला त्यांनी जवळपास मौनातून उभे केले आणि दुसरीला अखंड बडबडीतून. ज्यांनी दोन्ही पाहिल्या आहेत त्यांना माशिरोच्या गोंगाटामागची कारागिरी अधिक ऐकू येते. ‘सायको-पास’मधील गंभीर पोलीस निरीक्षक आकाने त्सुनेमोरी हाही हानाझावा यांचाच आवाज, म्हणजे गुन्हेतपासाच्या दोन टोकांना त्या उभ्या राहून आल्या आहेत.

प्रेक्षकांनी असे दोन तट पाडण्याची ही पहिलीच वेळ नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये जे. सी. स्टाफ या स्टुडिओची ‘तान्तेई ऑपेरा मिल्की होम्स’ आली. जगप्रसिद्ध गुप्तहेरांची नावे लावलेल्या चार मुली, योकोहामामधील गुप्तहेर विद्यालय, प्रत्येकीकडे ‘टॉइज’ नावाची अद्भुत शक्ती, अशी मांडणी पाहून लोक गोड साहसकथेच्या अपेक्षेने बसले. पहिल्याच भागात चौघींच्या शक्ती जातात, आलिशान खोल्यांतून त्यांची रवानगी माळ्यावर होते, आणि मग जवळजवळ संपूर्ण मालिकाभर त्या गुन्हे सोडवण्याऐवजी पोटाची चिंता करत राहतात. ज्या दरोडेखोरांना त्यांनी पकडायचे तेच विद्यालयात वेश पालटून वावरतात आणि या मुलींची अधोगती पाहून हळहळतात. पुष्कळांनी ती मालिका मूर्खपणाची म्हणून सोडून दिली. जे राहिले त्यांनी तिला इतके उचलून धरले की जानेवारी 2012 मध्ये दुसरे पर्व आले. 2019 मधील प्रॉडक्शन आय. जी. ची ‘काबुकिचो शेरलॉक’ हे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. तेथे शेरलॉक आपले निष्कर्ष राकुगो या पारंपरिक बैठ्या कथाकथनाच्या रूपात सादर करतो. रहस्यप्रेमींना ती सादरीकरणे अडथळा वाटली, आणि मालिका पुढे गंभीर वळणावर गेली तेव्हा विनोदासाठी आलेले लोक गोंधळले. गुप्तहेर आणि विदूषक एकाच अंगरख्यात घातले की कोणाला तरी तो अंगरखा तोकडा पडतो, हे या मालिकांनी आधीच दाखवून दिले होते. माझ्या मते ‘मात्ताकु साइकिन’ने निदान आपण कोणत्या बाजूला आहोत हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट करण्याचा प्रामाणिकपणा दाखवला आहे.

आता खऱ्या दोषांविषयी, कारण आपल्या कंटाळ्याचे उत्तर येथे आहे. मूळ मांगा छोट्या प्रकरणांचा आहे, आणि अशी प्रकरणे मध्ये अंतर ठेवून सुटी वाचायची असतात. ती चोवीस मिनिटांच्या भागात जोडून लावली की प्रत्येक गोष्टीची चढण सारखीच लागते: काम येते, केईचिरोला जुना रुबाब आठवतो, माशिरो घोटाळा करते, तो ओरडतो. एका आठवड्याच्या अंतराने पाहणाऱ्याला हा साचा जाणवत नाही, उलट ओळखीचा म्हणून हवाहवासा वाटतो. आपण तिघांनी मालिका संपल्यावर सलग पाहायला घेतली असेल तर सहाव्या भागापर्यंत तोच चढ-उतार डझनभर वेळा अनुभवला असेल. ‘हंगामातील सर्वांत मजेदार’ म्हणणारे पुष्कळसे लोक ती दर आठवड्याला पाहत होते आणि ‘एकसुरी’ म्हणणारे पुष्कळसे नंतर एका बैठकीत, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरा दोष पात्रांच्या गर्दीचा. दोघांचा साचा थकू लागतो हे लेखकालाही कळते, म्हणून कार्यालयाभोवती नवनवी विक्षिप्त माणसे गोळा होतात. त्यांपैकी काही छान आहेत. पण मान्झाईचे गणित दोघांचे आहे, आणि पाच बोके एका त्सुक्कोमीवर सोडले की त्याला प्रत्येकाला टोकण्यापुरता श्वासही उरत नाही. मग त्याचे ओरडणे खरोखरच आरडाओरडा होते. म्हणजे जी तक्रार पहिल्या भागाच्या बाबतीत मला अन्यायाची वाटते, तीच मधल्या काही भागांच्या बाबतीत मला मान्य आहे. ज्या कथांत पुन्हा दोघेच उरतात आणि केईचिरोची जुनी हुशारी क्षणभर जागी होते, त्या कथा सर्वांत सरस उतरल्या आहेत. त्या क्षणी माशिरो त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, तेवढ्यावर पुढचे दोन गोंधळ मी आनंदाने माफ करतो.

वयाच्या विनोदाबद्दलही प्रतिक्रिया सरळ वयानुसार विभागतात. पस्तीस म्हणजे म्हातारा, हा विनोद विशीतल्या प्रेक्षकाला एकदा आवडतो आणि नंतर ताणल्यासारखा वाटतो. पस्तिशी ओलांडलेला प्रेक्षक मात्र दर वेळी हसतो आणि हसताना हळूच पाठ ताठ करून बसतो. हे मी स्वतःच्या खुर्चीवरून सांगतो आहे.

तेव्हा इतरांच्या प्रतिक्रिया वाचताना त्या माणसाला मालिका आवडली की नाही यापेक्षा त्याने ती कशासाठी लावली होती, कशी पाहिली आणि कोणत्या भागापर्यंत पाहिली हे शोधावे. ‘पहिला भाग पाहून सोडली’ या मतातून आपल्याला रहस्याच्या अपेक्षेविषयी कळते, मालिकेच्या दर्जाविषयी फारसे नाही. ‘आठव्या भागापर्यंत पाहिली आणि थकलो’ हे मत मात्र गंभीरपणे घ्यावे. आणि एखाद्या विनोदी मालिकेचे मोल पहिल्याच वर्षी ठरते असेही नाही. 2011 मधील ‘निचिजो’ ही विनोदी अ‍ॅनिमे मालिका डिस्कच्या विक्रीत मागे पडली होती, आणि आज विनोदी अ‍ॅनिमेची चर्चा तिच्या नावावाचून पुढे सरकत नाही. या मालिकेचे तसे होईल असा माझा दावा नाही. तिच्यात ‘निचिजो’च्या चित्रांकनाची श्रीमंती नाही, आणि पात्रांच्या गर्दीने तिचे नुकसान केलेच आहे.

आपल्या भावाला पुन्हा बसवायचे असेल तर ‘रहस्य’ हा शब्द न उच्चारता बसवावे. कोनानमधील कोगोरो मोरी, म्हणजे भुलीच्या सुईने झोपवला जाणारा आणि दुसऱ्याच्या बुद्धीवर प्रसिद्ध होणारा तो गुप्तहेर, भावाला नक्कीच आवडत असेल. ही मालिका त्या माणसाची आहे असे समजून पाहा, इतके सांगितले तरी पुरेल. आपण स्वतः उरलेले भाग आठवड्याला एक किंवा फार तर दोन असे पाहावेत. शक्य झाल्यास एखादा आवडलेला प्रसंग उपशीर्षके बंद करून पुन्हा पाहावा, विरामांची गंमत कळेल.

मुलीविषयी माझे मत थोडे सावध आहे. ही मालिका रात्री उशिराच्या प्रेक्षकांसाठी तयार झालेली आहे, त्या वेळेच्या विनोदी कार्यक्रमांत चालणारा चावटपणा येथेही मधूनमधून येतो, आणि माशिरोची मारझोड हास्यास्पद असली तरी भरपूर आहे. अकरा वर्षांच्या मुलीला माशिरो फार आवडेल यात शंका नाही, आणि केईचिरोच्या कंबरेचे दुखणे तिला आपल्याच घरातले वाटेल. तरी आपण प्रत्येक भाग आधी स्वतः पाहून मगच तो तिच्याबरोबर लावावा. तिला गुप्तहेर कथांची ओढ असेल तर सुरुवात कोनानने करावी आणि ही मालिका दोन-तीन वर्षांनी दाखवावी. शाळकरी गुप्तहेर किती हुशार असतात हे तोवर तिला पाठ झालेले असेल, आणि केईचिरोकडे पाहून तिला दुप्पट हसू येईल.